१५ कोटी अंशांच्या प्लाझ्मावर मायक्रोवेव्हचा नेम कसा धरतात?

घरच्या मायक्रोवेव्हमध्ये लहरी चहूकडे आपटत फिरतात. चहा गरम झाला की आपलं काम झालं. पण दक्षिण फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या ‘इटर’ या फ्यूजन अणुभट्टीत एवढ्यावर भागत नाही. तिथला प्लाझ्मा सुमारे १५ कोटी अंश सेल्सियसपर्यंत तापवायचा आहे. शिवाय ही उष्णता नेमक्या जागी पोहोचवायची आहे. ते काम ‘लाँचर’चं.

लहर कुठे शोषली जाते?

चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन गिरक्या घेतात : दर टेस्लामागे सेकंदाला सुमारे २८ अब्ज. इटरच्या मायक्रोवेव्हची वारंवारता १७० गिगाहर्ट्झ, म्हणजे घरच्या ओव्हनच्या जवळपास ७० पट. ती गिरक्यांशी जुळते सुमारे ६ टेस्लाला. अणुभट्टीत चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखं नसतं, त्यामुळे ऊर्जा मुख्यतः ठरावीक पट्ट्यातच शोषली जाते. त्या पट्ट्यातला नेमका बिंदू कोणता, हे आरसा कुठे वळवला यावर ठरतं.

नेम का महत्त्वाचा?

प्लाझ्मात कधी कधी ‘चुंबकीय बेटं’ तयार होतात आणि त्यांतून उष्णता बाहेर निसटते. ती वाढत गेली, तर लाखो अँपिअरचा प्रवाह क्षणार्धात कोसळून यंत्राला जबर दणका बसू शकतो. वेळीच बेटावर अरुंद झोत मारला, तर ते आवरता येतं. मूळ आराखड्यात वरच्या बाजूचे चार लाँचर मुख्यतः यासाठी आहेत. मधल्या पातळीवरचा लाँचर प्लाझ्माच्या गाभ्याकडे ऊर्जा पाठवतो.

आराखड्यातली खरी कसोटी

• खिडकी : लहरी आत जाव्यात, पण किरणोत्सारी ट्रिटियम बाहेर येऊ नये. म्हणून कृत्रिम हिऱ्याची पातळ चकती बसवतात. हिरा लहरी फारशा शोषत नाही आणि जी थोडी उष्णता येते, ती झटकन कडेला पोहोचवतो.

• वळणं : सरळ नळी ठेवली, तर न्यूट्रॉन त्याच वाटेने बाहेर येतील. म्हणून झोत आरशांवरून वळवत नेतात. लहरी वळतात, न्यूट्रॉनना मात्र मध्ये पोलाद आणि पाणी आडवं येतं.

• फिरता आरसा : निर्वातात तेल-वंगण चालत नाही आणि प्रबळ चुंबकीय क्षेत्रात साधी मोटर टिकत नाही. म्हणून वरच्या लाँचरमध्ये हेलियम वायूच्या दाबाने फुगणारे धातूचे भाते आणि लवचीक पट्ट्या आरसा हलवतात. घर्षण नाही, म्हणून अडकणं नाही. आरसा पाण्याने थंड ठेवतात.

यातली एक गरज भागवताना दुसरी अडते. वाट मोठी ठेवली तर झोत सहज जातो, पण न्यूट्रॉनही निसटतात. आरसा मागे घेतला तर तो सुरक्षित राहतो, पण झोत पसरतो. आराखडा म्हणजे याच ओढाताणीतून काढलेला मार्ग.

भारत इटरचा भागीदार आहे. असे झोत निर्माण करणारे दोन जायरोट्रॉन स्रोत पुरवण्याची जबाबदारी भारताकडे असून, हे काम गुजरातमधील ‘इटर-इंडिया’ पाहते.