गार आहे ना?

स्वस्त बिअर पिणाऱ्याला अभिरुची नसते, असा एक समज आहे. तो अर्थातच महाग बिअर पिणाऱ्यांनी पसरवला. आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे, त्यातून बँकेतले कारकून; अभिरुचीचाही ताळेबंद मांडतो. बाटली ६५० मिलिलिटरची. सौम्य बिअर ५ टक्क्यांची धरली तर मद्यार्क साडेबत्तीस मिलिलिटर. ८ टक्क्यांच्या स्ट्राँगमध्ये ५२. किमतीतला फरक त्या मानाने किरकोळ. आपल्या देशात बहुतेक बिअर स्ट्राँगच का खपते, याचं उत्तर जिभेत नाही, भागाकारात आहे.

पण हा भागाकार आम्हाला शिकवला कुणी? माझ्या मते, सरकारनं! १९४९ साली मुंबई राज्यानं दारूबंदीचा कायदा केला, तेव्हा नागपूर मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं. इकडे १९३८ सालचा आमचा स्वतःचा दारूबंदी कायदा होताच. १९५१ साली सुप्रीम कोर्टानं मुंबईच्या कायद्यातून मद्यार्कयुक्त औषधं आणि प्रसाधनं मोकळी केली. म्हणजे खोकल्याला न्याय मिळाला, तहानेला नाही. १९५६ मध्ये आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि पुढे तोच कायदा इकडेही लागू झाला. राजधानी गेली, परमिट आलं! कायदा पुढे ढिला झाला, रद्द झाला नाही. आजही त्याचं नाव दारूबंदी कायदाच आणि पिणाऱ्यानं परमिट बाळगावं हा नियमही कायम.

आता वाचकहो, इतकी वर्षं ज्यानं दाराकडे एक डोळा ठेवून प्यायची, त्यानं चव घ्यायची केव्हा? तो दोनच गोष्टी बघणार : लवकर चढते का आणि वास लवकर जातो का. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर १९७५ पासून दारूबंदी. तिकडून आलेल्या पाहुण्याचा निकष सर्वांत सोपा : मिळाली, म्हणजे उत्तम!

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर गेला की निकष पुन्हा बदलतो. मग ब्रँड कुठलाही चालतो, बाटली बर्फासारखी हवी. अती गार पेयानं जीभ बधिर होते आणि स्वस्त बिअरचे निम्मे दोष तिथंच माफ होतात.

माझा स्वतःचा निकष मात्र भागाकारात बसत नाही. सौम्य, स्वस्त, गार आणि दोघांत एक. साडेबत्तीसचे वाटे सव्वासोळा. एवढ्यात चढत काहीच नाही, म्हणून गप्पा माराव्या लागतात. बँकेतला माझा मित्र याला शुद्ध तोटा म्हणतो. पण चव कळायला घाई नसावी लागते, आणि घाई न करण्याचं परमिट कुठल्याच कचेरीत मिळत नाही. तो पहिला ग्लास घटाघटा संपवून बिलाकडे बघू लागला की मी एवढंच म्हणतो, "काहून घाई करता भाऊ? गार आहे ना? मग बसा ना बाप्पा!"