स्प्रिंगमधलं देऊळ आणि अंधारात रेंगाळणारा स्विच

हेडफोन लावलेत ना? कारण आजचा भाग आवाजाबद्दल आहे. खरं तर आवाजाच्या मागे राहणाऱ्या आवाजाबद्दल.

झालं असं की माझा एक मित्र दोन वर्षांपूर्वी कॅनडाला गेला. जाताना त्याचा जुना ट्यूब ॲम्प माझ्याकडे ठेवून गेला. म्हणाला, "विकायचा नाही, वाजवत राहा." या दिवाळीत तो परत येणार होता. आणि बरोबर तीन आठवडे आधी ॲम्पने दोन नखरे सुरू केले. रिव्हर्ब गायब झाला. आणि फुटस्विच दाबून डिस्टॉर्शनवरून क्लीन चॅनलवर आलं, की अर्धा सेकंद जुनाच आवाज मागे रेंगाळायचा. एका दुकानात दाखवला, तर तिथे सांगितलं, "आतलं सगळं बोर्ड गेलंय, नवीन घ्या." मित्राला काय तोंड दाखवणार? मग मी या दोन गोष्टी मुळात आल्या कुठून, ते वाचायला बसलो. आणि गंमत म्हणजे, बिघाड मला इतिहासातच सापडला.

आधी रिव्हर्ब. आपण देवळाच्या गाभाऱ्यात टाळी वाजवली की आवाज भिंतींवर आपटून परत परत कानावर येतो, तोच रिव्हर्ब. आता 1935 सालच्या अमेरिकेत चला. लॉरेन्स हॅमंड नावाच्या इंजिनिअरने, ज्याची कंपनी तोवर विजेची घड्याळं बनवायची, इलेक्ट्रिक ऑर्गन बाजारात आणला. चर्चमधल्या अवाढव्य पाइप ऑर्गनला स्वस्त पर्याय. पण लोक तो घरीही घेऊ लागले आणि तिथे घोळ झाला. दिवाणखान्यात गालिचा, पडदे, सोफे. सूर वाजला की तिथेच मेला. गिऱ्हाइकांना चर्चसारखा घुमणारा आवाज हवा होता.

उत्तर मिळालं टेलिफोनवाल्यांकडून. लांब पल्ल्याच्या लाइनवर आवाज उशिरा पोचतो. तो उशीर प्रयोगशाळेत तयार करण्यासाठी बेल लॅब्जमध्ये स्प्रिंगा वापरल्या होत्या. तारेतून वीज झटकन जाते, पण स्प्रिंगमधून थरथर जायला वेळ लागतो. हॅमंडने ही कल्पना उचलली. त्याचं सुरुवातीचं यंत्र चांगलं उंच होतं, त्यात तेल भरलेल्या नळ्या होत्या. पुढे 1960 च्या सुमारास त्याच्याच कंपनीतल्या इंजिनिअरांनी ते सतराएक इंच लांबीच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं. आजही बऱ्याच ॲम्पच्या तळाशी तोच डबा असतो. त्याला टँक म्हणतात.

आत काय होतं? एका टोकाला तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल. गिटारचा सिग्नल तिच्यात गेला की स्प्रिंगच्या टोकाचं इवलंसं चुंबक पिळलं जातं. ती पिळवट स्प्रिंगमधून पुढे सरकते आणि साधारण 30 ते 40 मिलिसेकंदांनी दुसऱ्या टोकाला पोचते. तिथली कॉइल तिची परत वीज करते. काही थरथर उलटी फिरते, पुन्हा येते, पुन्हा जाते. झालं तुमचं देऊळ, पत्र्याच्या डब्यात!

मग कॅलिफोर्नियाच्या फुलर्टनमध्ये लिओ फेंडर. रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारा माणूस, ज्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. 1961 मध्ये त्याच्या कंपनीने हाच टँक वापरून वेगळा रिव्हर्बचा डबा काढला आणि 1963 मध्ये व्हायब्रोव्हर्ब या ॲम्पमध्ये तो आतच बसवला. सर्फ गिटारचा राजा डिक डेल पुढे सांगायचा, की त्याला रिव्हर्ब हवा होता तो गाण्याच्या आवाजासाठी. गिटारला तो नंतर लागला. आणि जगाने लक्षात ठेवली ती गिटार.

आता दुसरा नखरा, चॅनल. जुन्या ॲम्पमध्ये दोन चॅनल असले, तरी गाण्याच्या मध्येच एकावरून दुसऱ्यावर उडी मारायची सोय नव्हती. 1970 च्या आसपास रँडल स्मिथने छोट्या फेंडर ॲम्पमध्ये फेरफार करून जबर डिस्टॉर्शन काढलं. त्यातून मेसा बूगी उभी राहिली. मग वादकांना शांत आणि तापलेला, दोन्ही आवाज एकाच गाण्यात हवे झाले. ते दशक संपेपर्यंत पायाने चॅनल बदलणारे ॲम्प आले.

पण स्विच कशाने करायचं? रिले लावला तर स्पीकरमधून 'टक्' ऐकू येतं. म्हणून अनेकांनी एलडीआर वापरला. काळ्या डबीत एक छोटा दिवा आणि त्याच्यासमोर प्रकाश पडला की वीज वाहू देणारा रेझिस्टर. दिवा लागला, रस्ता उघडा. दिवा विझला, रस्ता बंद. टक् नाही, काही नाही.

हा जुगाड ॲम्पला नवा नव्हता. 1963 पासून फेंडरच्या ट्रेमोलोमध्ये निऑनचा दिवा आणि एलडीआर हीच जोडी होती. एलडीआरचा एक स्वभाव आहे: उजेड पडला की तो पटकन जागा होतो, पण अंधार झाला की हळूहळू झोपतो. ट्रेमोलोमध्ये हा आळस गोड लागतो, आवाज मऊ हेलकावे घेतो. स्विचमध्ये तोच आळस दोष ठरतो. आणि डबी म्हातारी झाली की आळस वाढतो.

इथे माझी ट्यूब पेटली! (ॲम्पची नाही, माझी.) आमच्या ऑफिसात लेटन्सी वाढली की पहिला प्रश्न असतो: दोन्ही दिशांना वाढलीय का? मी तपासलं. क्लीनवरून डिस्टॉर्शनवर लगेच जात होतं. उशीर फक्त परत येताना. फुटस्विच काढून पॅनेलवरच्या बटणाने केलं, तरी तेच. म्हणजे केबल निर्दोष. जाताना झटपट आणि येताना रेंगाळणं, ही एलडीआरचीच खूण.

रिव्हर्बसाठी ॲम्प चालू ठेवून हलकेच हलवला. स्प्रिंगांचा 'धडाम्' स्पीकरमधून आला! म्हणजे टँकच्या बाहेर पडणारी बाजू जिवंत, मग सिग्नल आत जाणारी बाजू मेलेली. टँकच्या दोन्ही केबल आपसात बदलून पाहिल्या, फरक शून्य. ॲम्प बंद करून टँक सोडवला आणि मल्टिमीटर लावला. आतल्या कॉइलने एक ओहमच्या आसपास दाखवायला हवं होतं, मीटर काहीच दाखवेना. सॉकेटपाशी केसासारखी बारीक तार तुटली होती. एक डाग सोल्डर, आणि देऊळ परत उघडलं.

एलडीआर मात्र मी बदलला नाही. ट्यूब ॲम्पच्या आत 400 व्होल्टच्या वर दाब असतो, आणि प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये तो दबा धरून बसतो. प्लीज, यूट्यूब बघून तिथे हात घालू नका. मी एका जुन्या रेडिओवाल्या काकांकडे गेलो आणि "बघा जरा" न म्हणता लक्षणं सांगितली. ते हसले, म्हणाले, "अर्धं काम तूच करून आलास." डबी बदलली, उशीर गेला. बोर्ड ठणठणीत होतं.

दिवाळीत मित्र आला. त्याने कॉर्ड वाजवली, फुटस्विच दाबला, परत दाबला. काहीच बोलला नाही, वाजवतच राहिला. मग मीच सगळं सांगितलं, दुकानातलं "नवीन घ्या"सुद्धा. तो म्हणाला, "दिला असतास ना फेकून, तर मला कळलंही नसतं. जुनंच आहे म्हणून सोडून दिलं असतं."

मला तेच खुपतं. आपल्याला एखादी वस्तू कशी चालते ते माहीत नसलं, की कोणीही येऊन ती मेली म्हणून सांगू शकतो. तुमच्या घरात असं काही "मेलेलं" पडलं असेल, तर फेकण्याआधी ते पहिल्यांदा कोणी आणि कशासाठी बनवलं, एवढं तरी शोधा. आणि सापडलं तर मला कळवा.

चला, भेटूया पुढच्या भागात. तोवर वाजवत राहा!