गाळात किती, ताटात किती?

बीडमध्ये बसून समुद्राच्या गाळावर अख्खा भाग कशाला, असं वाटेल तुम्हाला. पण आपली बिंदुसरा सिंदफणेला मिळते, सिंदफणा मंजरथला गोदावरीला आणि गोदावरी जाते बंगालच्या उपसागराला. वाटेत धरणं बराच गाळ अडवतात, तरी नदीच्या गाळाचा शेवटचा मुक्काम समुद्रच.

हा विषय जगापुढे आला 1956 मध्ये, जपानच्या मिनामातामधून. चिसो कंपनीच्या सांडपाण्यातला मिथाइल पारा खाडीतल्या माशांत साठला. मासे खाणारी मांजरं झिंगून मेली, मग माणसांचे हातपाय थरथरू लागले. कारण कारखानाच, हे सरकारनं मान्य केलं 1968 मध्ये! आणि खाडीतला विषारी गाळ उपसून भरावाखाली बंद करायला 1977 ते 1990 एवढी वर्षं लागली.

1969 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. गाळातले जीवाणू साध्या पाऱ्याचाही मिथाइल पारा बनवतात. म्हणजे कारखान्यानं साधा पारा सोडला, तरी धोका टळत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहिले, शेजारी खाडी, खाडीत कोळ्यांची जाळी. 1981 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी ठाणे खाडीतल्या पाऱ्यावर अभ्यास प्रसिद्ध केला.

आता खरी मेख ऐका. पेवात जोंधळा किती, यावरून ताटात भाकरी किती येणार हे कळत नाही. पेव उघडलं पाहिजे. धातूंचंही तसंच. 1979 मध्ये कॅनडात टेसिए आणि सहकाऱ्यांनी गाळातल्या धातूंचे पाच भाग पाडायची पद्धत दिली. काही धातू मातीच्या कणांना नुसते चिकटलेले असतात, ते सहज सुटतात. काही खनिजात पक्के अडकलेले, ते जवळपास सुटतच नाहीत. मधले परिस्थिती बदलली की सुटतात. हवा न पोचणाऱ्या काळ्या गाळात कॅडमियम, जस्त गंधकाशी बांधलेले असतात. गाळ उपसला, ऑक्सिजन लागला, की कुलूप उघडतं.

हे आपल्या कामाचं का? परळीत कोळसा जळतो, आणि कोळशाच्या राखेत आर्सेनिक, शिसं यांचे अंश असतात. उद्या राखेचा, तळ्याचा किंवा नदीचा कुठलाही अहवाल हातात आला, तर 'धातू किती' एवढ्यावर थांबू नका. 'त्यातला सुटणारा किती, आणि तो पाण्यात, पिकात, माशात पोचतोय का' हेही विचारा. मिनामातात हा प्रश्न आधी मांजरांनी विचारला होता, माणसांनी उशिरा.

भेटू पुढच्या भागात!