मारिकुप्पमच्या लायनी

* मारिकुप्पमच्या लायनी : चेन्नईहून अंतरगंगेच्या डोंगरावर मुक्कामाला निघालेली लेखिका वाटेत वाकडी वाट करून कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे वळते. बंगारपेटहून मारिकुप्पमला जाणारा रेल्वेचा फाटा याच खाणींसाठी 1894 मध्ये टाकला गेला. 1880 नंतर जॉन टेलर अँड सन्स या कंपनीने खाणकाम हाती घेतले. मजूर बहुतांशी मद्रास इलाख्यातल्या उत्तर अर्काटचे तमिळ, त्यांत दलित पुष्कळ. लायनींत, म्हणजे बांबूच्या तट्ट्यांच्या खोल्यांच्या रांगांत, ते बायकापोरांसह राहत. त्यामुळे ‘खाण म्हणजे पुरुषांची वसाहत’ हे लेखिकेचे विधान मान्य करता येत नाही. इथली चॅम्पियन रीफ ही खाण 3 किलोमीटरहून खोल गेली, हे सगळे सांगतात. त्या खोलीत उतरणाऱ्याचा डबा कोण भरत होते, हे क्वचितच कोणी विचारते.

बायकांनी स्वतः खाली उतरण्याबद्दल सांगायचे तर, ब्रिटिश हिंदुस्थानात त्यांना भूगर्भात उतरण्यास 1929 पासून बंदी झाली. कोळशाच्या खाणींत ती टप्प्याटप्प्याने आली. युद्धात कोळसा कमी पडू लागताच 1943 मध्ये हीच बंदी उठली आणि 1946 मध्ये पुन्हा बसली. सोय कोणाची पाहिली गेली, हे उघड आहे. 1952 च्या खाण कायद्याने बंदी कायम ठेवली. 2019 मध्ये लेखी संमतीच्या अटीवर बायकांना खाली उतरण्याची मुभा मिळाली. कोलारच्या खाणी 2001 मध्येच बंद पडल्या होत्या. — संपा.