आउटपुट बफरिंग

वेब सर्व्हरवरील स्क्रिप्टने तयार केलेला मजकूर ब्राउझरकडे लगेच न पाठवता मेमरीत साठवून एकत्र सोडण्याची पद्धत. पीएचपीत तिच्यासाठीची फंक्शने चौथ्या आवृत्तीपासून (२०००) आहेत.

कार्य : एचटीटीपी उत्तरात हेडर आधी व मजकूर नंतर जातो. मजकुराचा पहिला बाइट गेल्यावर कुकी ठेवता येत नाही, वाचकाला दुसऱ्या पत्त्यावर वळवता येत नाही. ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ हा इशारा येतो. बफर रिकामा होईपर्यंत मात्र हेडर बदलता येतात. एका बफरच्या आत दुसरा उघडता येतो.

मराठी पाने : यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा व हलन्तासह, ३ बाइट घेते. २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे अहिल्यानगर झाले तेव्हा नाव २१ बाइटांवरून ३० बाइटांवर गेले. पीएचपीसोबत येणाऱ्या नमुना सेटिंग-फायलींत बफरची मर्यादा ४,०९६ बाइट असते. तीत देवनागरीची जेमतेम १,३६५ चिन्हे मावतात. त्यामुळे इंग्रजी मजकुरावर बिनतक्रार चालणारा साचा मराठी मजकूर भरताच अडू शकतो. मजकुराची लांबी हेडरमध्ये द्यायची तर तीही बाइटांतच मोजावी लागते. अक्षरे मोजून दिल्यास पान अर्ध्यावर तुटते.

याहून चिवट अडचण बॉमची. विंडोजचे जुने नोटपॅड यूटीएफ-८ फायलीच्या आरंभी बॉम (बाइट ऑर्डर मार्क) हे ३ अदृश्य बाइट लिहीत असे, आणि मराठी मजकुरासाठी फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करणे भागच होते. पीएचपी हे बाइट मजकूर समजून पाठवते. बफर चालू असलेल्या सर्व्हरवर दोष झाकला जातो. सेटिंग-फाइल नसल्यास मर्यादा शून्य, म्हणजे बफर बंद, आणि तीच स्क्रिप्ट तिथे पहिल्याच हेडरला अडते. बफर वाढवणे हा यावरचा उपाय मानू नये. बॉम काढून फाइल पुन्हा जतन करावी. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड मूलतः बॉमविना जतन करते.

मर्यादा : मोठा अहवाल पूर्ण साठवल्यास मेमरी संपते व वाचकाला पहिली ओळही उशिरा दिसते. एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर स्वतःचा बफर राखतो, त्यामुळे पीएचपीने सोडलेला मजकूरही वाटेत थांबू शकतो.

एएसपी : या स्क्रिप्ट-पद्धतीत विंडोजच्या आयआयएस वेब सर्व्हरच्या ५.० आवृत्तीपासून बफर मूलतः चालू.