सैपाकघरातला उजेड

आमच्या कराड भागात उजेड घरात आला तो पुढच्या दारानं, आणि सोप्यातच बसून राहिला. सोपा म्हणजे पुरुषांची बैठक. पाहुणा आला की तिथं कंदील, हिशेबाची वही निघाली की तिथं कंदील, भजन असलं की गॅसबत्ती. आत चुलीपाशी बाई जाळाच्या उजेडात भाकरी थापायची. लढायांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. घरातला एकुलता एक दिवा कुठं टांगायचा, यावरनं घराघरांत जे झालं ते मात्र कुणी लिहिलेलं माझ्या वाचण्यात नाही.

माझ्या आजीच्या लहानपणी देवळीत करडईच्या तेलाचा दिवा असायचा. पुढं रॉकेल आलं आणि चिमणी आली. विकतची चिमणी नसली तर औषधाच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडायचं, चिंधीची वात सोडायची, झाली चिमणी. तिचा उजेड वीतभर आणि धूर हातभर. सकाळी नाक शिंकरलं की काळं निघायचं. सैपाकघराच्या वाट्याला आली ती ही चिमणी. तीसुद्धा वाऱ्यानं विझू नये म्हणून कोपऱ्यात, चुलीपासून लांब.

कंदील ही त्या मानानं श्रीमंती. आणि कंदिलाच्या बाबतीत आमचा भाग नशीबवान. कराडच्या रेल्वे स्टेशनाजवळ ओगलेवाडी आहे. औंध संस्थानाच्या पंतप्रतिनिधींनी आधार दिला आणि 1916 साली ओगले मंडळींनी तिथं काचकारखाना सुरू केला. त्याच कारखान्यातून पुढं ‘प्रभाकर’ कंदील निघाला आणि साऱ्या महाराष्ट्रात गेला. परदेशी कंदिलाला आपल्या मातीतला कंदील उभा राहिला, याचा आमच्या जुन्या माणसांना फार अभिमान. आमच्या घरी एक प्रभाकर होता. दिवस मावळायच्या आत त्याची काच राखेनं घासून, फडक्यानं पुसून ठेवायची, वात कातरायची, हे काम पोरांचं. हात लहान असल्यामुळं तो काचेत जायचा, एवढीच आमची पात्रता. कारखाना पुढं बंद पडला. गावाचं नाव तेवढं राहिलं.

कंदील टांगून वापरायचा, पण त्याची एक खोड होती. तेलाची टाकी बुडाला. त्यामुळं उजेड चहूबाजूंना जायचा आणि बरोबर खाली टाकीची गोल सावली पडायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सोप्यात गोल करून बसणाऱ्या माणसांना याचा काही त्रास नव्हता. चौघांची तोंडं उजळायची. पण ज्या बाईला खाली परातीत बघायचंय, तांदळातला खडा निवडायचाय, तिला वर टांगलेला कंदील काय कामाचा? म्हणून आई कधी हातात आलाच तर तो जमिनीवर ठेवायची. मग पोरं धडपडत यायची आणि ती ओरडायची.

1967 सालच्या 11 डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. मी तेव्हा लहान होतो. आई दळायला उठलेली. तुळईला बारीक करून टांगलेला कंदील घंटेसारखा हलायला लागला. आईनं आधी तो काढून फुंकला आणि मग आम्हांला अंधारात चाचपून बाहेर ओढलं. शेजारची म्हातारी नंतर म्हणाली, “आगं, दिवा कशापायी मालवलास? वाट दिसली आस्ती की.” आई म्हणाली, “वाट मला पाठ हाय. राकेल सांडलं आसतं म्हंजे?”

त्याच कोयनेच्या पाण्यावर पोफळीला 1962 पासून वीज तयार होत होती. ती डोंगराच्या पोटातनं निघून मोठ्या मनोऱ्यांवरनं मुंबई-पुण्याच्या कारखान्यांकडं जायची. आमच्या जिल्ह्यातल्या पाण्याची वीज, आणि तिच्यापासून काही कोसांवर आम्ही रेशनच्या रांगेत रॉकेलचा डबा घेऊन. कारखाने नकोत असं मी म्हणत नाही. पण रांग लांब होती.

आमच्या घरी वीज आली 1974 साली. पैसे एका बल्बापुरते. तो कुठं लावायचा? वडलांनी सोपा आणि सैपाकघर यांच्यामधल्या भिंतीत, वरच्या अंगाला, फूटभर भोक पाडलं आणि बल्ब त्या भोकात बसवला. अर्धा उजेड हिकडं, अर्धा तिकडं. त्या काळात पुष्कळ घरांत ही युक्ती होती. पण बटण सोप्यात. पुरुषांची जेवणं झाली, अंथरुणं पडली की बटण बंद आणि आत बायका जेवायला बसायच्या त्या चुलीतल्या निखाऱ्यांवर.

दोनेक वर्षांनी आजीनंच तोंड उघडलं. “पाव्हण्याला काय सोप्यात सुई ओवायचीय? एक दिवा आत लावा.” मग सैपाकघराला स्वतंत्र बल्ब झाला, 40 वॉटचा. पहिल्या संध्याकाळी आईनं वर बघितलं आणि तिचा चेहराच पडला. वासे, भिंती, मडक्यांची उतरंड, सगळं काजळीनं काळं. इतकी वर्षं ती त्यात राबली होती, पण दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं पांढरी माती कालवून सगळं सैपाकघर पोतारलं.

आणखी एक गोष्ट त्या बल्बानं दाखवली. वडील एकदा रात्री पाण्यासाठी आत गेले. आई आणि चुलती जेवत होत्या. पातेलं पालथं घातलेलं, ताटात भाकरी आणि मिठाची चिमूट. वडील काही बोलले नाहीत, पाणी पिऊन आले. पण दुसऱ्या दिवसापासून कालवण दुसऱ्यांदा घ्यायच्या आधी ते विचारायला लागले, “मागं हाय का?” आधी त्यांना माहीत नव्हतं का? मला वाटतं, माहीत असणं निराळं आणि दिसणं निराळं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे. ट्यूब आली, पण संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की दाब उतरायचा आणि ट्यूब नुसती डोळे मिचकवायची. मग भारनियमनाची वर्षं आली आणि माळ्यावरचे कंदील पुन्हा खाली उतरले. गावठाणाची लाइन शेतीच्या लाइनीपासून वेगळी झाली तेव्हा कुठं रात्र सुधारली. 2015 नंतर एलईडीचे 9 वॉटचे बल्ब घरोघर झाले. जुना 60 वॉटचा बल्ब जेवढा उजेड द्यायचा तेवढा हा देतो. जुन्यातली बहुतेक वीज उष्णतेत जायची, त्यावर थंडीत पोरं हात शेकायची.

आता आम्ही नवं घर बांधलं आणि सैपाकघरात छताला टांगायचे दिवे घ्यायला कराडला गेलो. दुकानदार त्यांना ‘पेंडंट’ म्हणाला. मुलानं मोबाईलवर बघून सोनेरी पत्र्याचे, नरसाळ्यासारखे पसंत केले होते. सूनबाई म्हणाली, “आण्णा, हे दिसायला ठीक, पण यांचा उजेड थाळीएवढाच पडंल.” तिचं बरोबर होतं. उभ्या ओट्याची अडचण अशी की दिवा छताच्या मधोमध असला तर बाईच्या पाठीवर उजेड आणि ओट्यावर तिचीच सावली. कंदिलाखाली टाकीची सावली, इथं स्वतःची. म्हणून दिवा ओट्याच्या बरोबर वर, कापण्या-निवडण्याच्या बाजूला हवा. ओट्यापासून अडीच फुटांवर, म्हणजे डोक्यालाही लागत नाही आणि डोळ्यांतही जात नाही. शेगडीवर नको. फोडणीची वाफ आणि तेल त्याच्यावर बसतं. वेताचे विणलेले दिवे आम्हांला आवडले, पण महिन्यात त्यांच्या विणीत चिकट मेण धरणार. सूनबाईनं दुधी काचेचे गोळे निवडले: पुसता येतात, डोळ्यांवर येत नाहीत, आणि उजेड बाजूलाही पसरतो.

बल्बाचा रंगही तिनं बघून घेतला. पांढऱ्याफटक 6500 च्या बल्बाखाली हळद फिकी आणि मेथी निळसर दिसते. 3000 चा पिवळसर बल्ब तिनं मागितला आणि खोक्यावर रंग दाखवण्याचा आकडा 80 च्या वर आहे का तेही वाचलं. पिशवीतनं तिनं मूठभर ज्वारी नेली होती. ती दिव्याखाली पसरून बघितली. दुकानदार हसला. मी नाही हसलो. सोंडकिडा दिसला पाहिजे, त्यासाठीच दिवा घ्यायचा.

दोन गोळे ओट्यावर, एक जेवणाच्या जागेवर, आणि छताला एक साधा चपटा दिवा, कारण टांगलेल्या दिव्यांनी कोपरे उजळत नाहीत. वायरमन आला, त्यानं सवयीनं बटणाची जागा हॉलच्या भिंतीवर आखली. सूनबाईनं खडू घेतला, ती खूण पुसली आणि फ्रीजच्या शेजारी, आतल्या भिंतीवर दुसरी केली. वायरमन म्हणाला, “ताई, भिंत परत फोडावी लागंल.” ती म्हणाली, “फोडा.”