पंढरपूर यात्रा आणि पटकी

पंढरपूर यात्रा आणि पटकी हा महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातील महत्त्वाचा विषय आहे. पटकी (कॉलरा) हा 'व्हिब्रिओ कॉलरी' या जिवाणूमुळे होणारा आतड्यांचा रोग असून तो दूषित पाणी व अन्न यांतून पसरतो. सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूरच्या यात्रांमध्ये १९व्या शतकात पटकीच्या साथी वारंवार उद्भवत.

प्रसार

आषाढी यात्रा पावसाळ्यात भरते. पावसाच्या पाण्याबरोबर मैला नदीत व विहिरींत उतरतो. संसर्गानंतर काही तासांपासून ५ दिवसांपर्यंत केव्हाही लक्षणे दिसू लागतात. त्यामुळे यात्रेत संसर्ग झालेला वारकरी परतीच्या वाटेवर किंवा घरी पोहोचल्यावर आजारी पडू शकतो. काहींना लक्षणे नसतानाही त्यांच्या विष्ठेतून जिवाणू बाहेर पडतात. म्हणून केवळ यात्रास्थळी रुग्ण शोधणे पुरेसे ठरत नाही. पालखीमार्गावरील व वारकऱ्यांच्या गावांतील पाण्यावरही लक्ष ठेवावे लागते.

प्रतिबंध

विहिरी व टाक्यांतील पाणी टीसीएल (ब्लीचिंग) पावडरने निर्जंतुक केले जाते. चांगल्या प्रतीची सुमारे २.५ ग्रॅम पावडर १,००० लिटर पाण्यास पुरते. तासाभरानंतर पाण्यात लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा. त्याची खात्री ओ.टी. चाचणीने करता येते. दिंड्यांच्या स्वयंपाकात अन्न पूर्ण शिजवून गरम असतानाच वाढणे, शिळे अन्न, कापून ठेवलेली फळे व उघड्यावरचा बर्फ टाळणे आणि साबणाने हात धुणे आवश्यक असते. जुलाब होत असलेल्या व्यक्तीस स्वयंपाक किंवा वाढपाचे काम देऊ नये. उघड्यावर शौचास बसणे टाळण्यासाठी पुरेशी शौचालये लागतात.

वाल्डेमार हाफकिन यांनी १८९३ मध्ये भारतात पटकीच्या लसीच्या चाचण्या सुरू केल्या. तथापि टोचून द्यायच्या जुन्या लसींचे संरक्षण अपुरे व अल्पकाळ टिकणारे असल्याने शुद्ध पाणी हाच मुख्य उपाय राहिला.

उद्रेक व उपचार

एकाच गावात किंवा दिंडीत अनेकांना जुलाब सुरू झाल्यास आरोग्य केंद्रास तत्काळ कळवावे. शौचाचे व पाण्याचे नमुने तपासणीस पाठवले जातात. परंतु अहवालाची वाट न पाहता संशयित पाण्याचा वापर थांबवतात.

रुग्णाच्या शरीरातील पाणी व क्षार वेगाने कमी होणे हे मृत्यूचे मुख्य कारण असते. त्यावर जलसंजीवनी हा प्रभावी उपाय आहे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तिचा मोठ्या प्रमाणावर यशस्वी वापर केला. तयार पुडी नसल्यास १ लिटर शुद्ध पाण्यात ६ सपाट चमचे (चहाचे) साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते पाणी रुग्णास थोडे थोडे पाजत राहतात. तीव्र रुग्णास शिरेतून सलाइन द्यावे लागते. वेळेवर उपचार मिळाल्यास मृत्यूचे प्रमाण १ टक्क्यापेक्षा कमी राहते.